श्रीगोंद्याच्या कुणब्यांनी कागदच का जाळले?

१२ मे १८७५. सुपे गावाचा आठवडे बाजार. (नगर-पुणे रस्त्यावरचं पारनेरचं सुपे वेगळं, हे बारामती तालुक्यातलं.) आसपासच्या खेड्यांतून आलेल्या कुणब्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची दुकानं फोडली, वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढले आणि पेटवून दिले. बघता बघता हे लोण भीमेपलीकडे आलं. श्रीगोंदा, पारनेर, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या गावांत तेच घडू लागलं. पुणे आणि नगर जिल्हे मिळून तीसहून अधिक गावांत दंगे झाले. लष्कर बोलवावं लागलं आणि ९५१ जणांना अटक झाली.

अभ्यासकांना या प्रकरणात पहिल्यापासून एक गोष्ट खुणावत आली आहे. जमाव संतापलेला होता, तरी माणसांच्या जिवावर क्वचितच उठला. सावकाराने मुकाट्याने रोखे हवाली केले की बहुतेक ठिकाणी लोक निघून जात. जो देत नसे त्याच्या घराला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागे. म्हणजे जमावाला काय हवं होतं, याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता.

कागदावर एवढा राग का, हे समजायला थोडा हिशेब मांडावा लागतो. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरू लागले. समजा, दरमहा दोन टक्क्यांनी शंभर रुपये घेतले. तीन वर्षांनी एकशे बहात्तरचा नवा रोखा, सहा वर्षांनी दोनशे शहाण्णवचा, नऊ वर्षांनी पाचशे नऊचा. दामदुपटीची जुनी रीत सांगते की व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये. गंमत नाही, घात असा की वरच्या प्रत्येक रोख्यात ती रीत पाळलेलीच दिसते. मोडते ती सगळे रोखे एकापुढे एक ठेवल्यावर. दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं होतं. लिहिता-वाचता न येणारा कुणबी अंगठा उठवी, आणि पुढे दिवाणी कोर्टात तो अंगठाच त्याच्याविरुद्ध साक्ष देई.

यात भर पडली ती दूरदेशीच्या युद्धाची. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाची मागणी आणि भाव वाढले, तेव्हा दख्खनमध्ये कर्ज सढळ हाताने मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली आणि काही भागांत सारा दीडपट-दुपटीपर्यंत गेला. नवं कर्ज मिळेना, जुनं फिटेना आणि सारा तर रोखीतच भरायचा.

दोष कुणाचा, यावर शंभर-दीडशे वर्षं वाद चालू आहे. आयोगाने मुख्यतः सावकाराकडे बोट दाखवलं; सरकारी साऱ्याला त्याने फारसं जबाबदार धरलं नाही. आयोगातलेच ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र वेगळं मत नोंदवून सारापद्धतीवर ठपका ठेवला. रविंदर कुमार यांनी १९६८च्या ग्रंथात गावातली सत्ता जुन्या पुढाऱ्यांकडून सावकाराकडे कशी सरकली ते दाखवलं. १९७२ मध्ये नील चार्ल्सवर्थ यांनी या दंग्यांचं महत्त्वच फुगवलेलं आहे, असा प्रतिवाद केला. मला स्वतःला अर्थशास्त्रज्ञ रेचल क्रँटन आणि आनंद स्वामी यांचं विवेचन सर्वांत पटतं. त्यांचं म्हणणं असं की, दिवाणी कोर्टं आल्यावर वसुली सोपी झाली, सावकारांची संख्या आणि स्पर्धा वाढली. पण वाईट साली आपलं कूळ तगवून धरण्यात कुठल्याही एका सावकाराचं हित उरलं नाही. पूर्वी कुणबी मोडला तर सावकारही बुडत होता. आता त्याच्या हाती हुकूमनामा होता.

एक बाजू मात्र अस्वस्थ करते. ब्राह्मण आणि इतर जातींचे लोकही सावकारी करत, पण एकाच गावात दोघे असले तरी हल्ला बहुधा मारवाड्यावरच होई. बाहेरून आलेला, सोयरसंबंध नसलेला माणूस रागाचं सोपं लक्ष्य ठरला. शोषण खरं होतं म्हणून ही निवड न्याय्य ठरत नाही, आणि दंग्यांचा अभिमानाने उल्लेख करणाऱ्यांनी एवढं मान्य करायला हवं.

१८७९ मध्ये पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासायचा, हप्ते बांधून द्यायचे, दस्त गावच्या निबंधकापुढे करायचा, असे अधिकार आणि बंधनं त्यात होती. सावकारांनी त्यातूनही वाट काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखतच करून घेऊ लागले.

ही वाट अजून बुजलेली नाही. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला, सोसायट्या आणि बँका आल्या, तरी अडल्या वेळी हातउसने पैसे देऊन जमिनीचं खरेदीखत करून घेणारे आजही आहेत. त्यांच्यासाठीच २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, चक्रवाढ व्याजाला बंदी आहे आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. पंधरा वर्षांच्या आत सावकारीपोटी गेलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तुमच्या भावकीत, शेजारीपाजारी असं कुणाचं शेत गेलं असेल, तर त्या दस्ताची नक्कल काढा, पैशांच्या देवाणघेवाणीचा मिळेल तो पुरावा जोडा आणि मुदत संपायच्या आत अर्ज करा.