कायद्याने दिले, हक्कसोडपत्राने घेतले

वडील व आई निवर्तले, मागे दोन मुलगे, एक मुलगी आणि वडिलोपार्जित नऊ एकर जमीन, असे एक कुटुंब समोर ठेवावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगे जन्मतःच सहहिस्सेदार. मुलीला वाटा मिळे तो केवळ बापाच्या हिश्श्यातला. म्हणजे भावांना चार-चार एकर, बहिणीला एक. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहहिस्सेदार केले, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. २००५ साली वडील हयात असण्याचीही आवश्यकता नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. आज कायद्याने तिघांनाही तीन-तीन एकर मिळावयास हवेत.

प्रत्यक्षात काय घडते? महाराष्ट्रात इतरत्र आहे तोच शिरस्ता अहिल्यानगर जिल्ह्यातही आढळतो. दशक्रिया उरकते, वारसनोंदीत बहिणीचे नाव लागते आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राने ते सातबाऱ्यावरून उतरते. कायद्याने एकाचे तीन एकर केले. रूढीने तिनाचे शून्य केले. ही सही स्वखुशीची म्हणतात. परंतु नकार दिल्यास माहेर तुटणार असेल, तर त्या खुशीला अर्थ कोणता? 'लग्नात दिले होते' हे उत्तरही फसवे आहे. हुंडा सासरच्या घरात जातो, जमीन तिच्या नावावर राहते.

आणि नावाला मोल आहे. प्रवरेच्या कालव्याखाली ऊस पिकविणाऱ्याला साखर कारखान्याचे उत्पादक सभासदत्व, सेवा सोसायटीचे पीककर्ज, दुष्काळी अनुदान, हे सारे जमीन नावावर असेल तर. जामखेड-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतात जन्मभर राबणारी स्त्री त्यावाचून शेतकरी ठरत नाही.

शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन केली. ते पतीचे औदार्य होते. भावाच्या न्यायबुद्धीची कसोटी अद्याप बाकी आहे. तिच्यावरच विसंबून मात्र चालणार नाही. मृत्यूनंतर एक वर्षपर्यंत हक्कसोडपत्राची नोंदणीच होऊ नये. आणि नंतरही, सोडत असलेल्या हिश्श्याचे मूल्य निबंधकाने त्या स्त्रीला भावांच्या अनुपस्थितीत समजावून सांगावे. दुःखाच्या दिवसांत घेतलेल्या सहीला संमती म्हणणे शासनाने थांबविले पाहिजे.