थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र

थायरॉइडच्या गाठीसाठी धडगाव-मोलगीकडची बाई नंदुरबारला येते. दुपारी शस्त्रक्रिया होते. जखम सर्वांत जास्त दुखते ती पहिल्या दिवसात, त्यामुळे रात्र जड जाते. ती सुसह्य व्हावी म्हणून भूलतज्ज्ञ मानेच्या नसा बधिर करू शकतात.

मानेच्या पुढच्या त्वचेची जाणीव नेणाऱ्या नसा मानेच्या बाजूच्या तिरक्या, जाड स्नायूच्या मागच्या कडेला साधारण मध्यावर वर येतात. रुग्ण भुलेत असताना तिथे दोन्ही बाजूंना बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन टोचतात. हे औषध नसेतले सोडियमचे मार्ग बंद करते आणि दुखण्याचा संदेश पुढे जात नाही. काही तासांनी रक्त ते औषध वाहून नेते आणि ऐन रात्री, वॉर्डात माणसे कमी असताना, कळ सुरू होते.

मात्रा वाढवत नेणे हा उपाय नाही. जास्त बुपिवाकेन हृदयाला आणि मेंदूला घातक ठरते. म्हणून जोडीला दुसरे औषध देतात. डेक्सामेथासोन स्वस्त आणि सहज मिळणारे. प्रौढाला 4 ते 8 मिलिग्रॅम दिल्यास बधिरता काही तास लांबते, शिवाय मळमळ कमी होते. ओकारीच्या उमाळ्याने ताज्या जखमेवर ताण येतो, म्हणून याचे मोल मोठे. ते नसेजवळ टोचण्याऐवजी शिरेतून दिले तरी गुण येतो, आणि मला तोच मार्ग अधिक सुरक्षित वाटतो. मधुमेह असेल तर आधी सांगा. साखर तात्पुरती वाढते. डेक्समेडेटोमिडीननेही परिणाम लांबतो, पण नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. त्यावर मॉनिटर हवा.

भुलेसाठी घशातून घातलेल्या श्वासाच्या नळीमुळे झालेली घशाची खवखव आणि खोलवरचा ताण या बधिरतेने जात नाहीत. त्यासाठी पॅरासिटामॉल वेळेवर, बधिरता उतरण्याआधीच सुरू करावे लागते.

कानाची पाळी, मान काही तास बधिर राहिली तर घाबरू नका. पण मान फुगली, घट्ट वाटली, श्वास अडला, तर ‘इंजेक्शनमुळे असेल’ म्हणून थांबू नका. आत रक्त साचत असू शकते. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर कॅल्शियम कमी झाले असेल. यातले काहीही दिसले तर लगेच नर्सला हाक मारा. रुग्णाला मराठी जमत नसेल, तर भिली किंवा पावरी समजणारे घरचे माणूस त्या रात्री जवळ ठेवाच.