आईचा व्यवसाय : काही नाही

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की आमच्या कॉलेजात अर्ज तपासायला आम्हा प्राध्यापकांना बसवतात. गेल्या वर्षी आंधळगावची एक मुलगी अर्ज घेऊन आली. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात ‘विणकर’ लिहिले होते. त्याखाली ‘आईचा व्यवसाय’ : ‘काही नाही’.

मी सहज विचारले, ‘‘आई घरी काय करते गं?’’

‘‘काहीच नाही मॅडम, घरीच असते. कोसा उकडते, सूत काढते, कांड्या भरते. ताणा करताना बाबांसोबत राहते. बस, तेवढंच.’’

तेवढंच! मोहाडी तालुक्यातले आंधळगाव ज्या कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते, त्याची सुरुवातच या ‘तेवढ्या’ कामातून होते. जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोश तयार होतात. ते विणकराच्या घरी आले की सोड्याच्या पाण्यात उकडून मऊ करायचे. मग काही कोशांचे तंतू एकत्र धरून, उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत सलग धागा ओढायचा. तासन्‌तास घासून मांडीची कातडी सोलवटते. हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. मागावर बहुधा पुरुष बसतो. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर उतरवण्यासाठी तीन धोटे चालवतो. त्याचे कसब मोठेच आहे. पण धागाच नसेल तर धोटा काय विणणार? साडी विकली जाते, पैसे विणकराच्या हातात येतात आणि सूत काढणारीची मजुरी त्या पैशांत विरघळून जाते. तिचा वेगळा हिशेब कुठेच राहत नाही.

सध्या रमजानचा महिना सुरू आहे आणि आमच्या घरांत हा हिशेबाचाही महिना असतो. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग गरजूंना द्यायचा. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढी मालमत्ता असली की जकात लागू होते. हिंदू मैत्रिणींना एक गोष्ट सांगितली की त्यांना नवल वाटते. हा हिशेब कुटुंबाचा मिळून होत नाही, प्रत्येकाचा वेगळा होतो. नवऱ्याच्या मालाची जकात नवऱ्यावर आणि बायकोच्या दागिन्यांची बायकोवर. लग्नात ठरलेला मेहर तिचा. माहेरहून आलेले सोने तिचे. पुरुषाच्या कमाईत पुरुषाचा वाटा आणि स्त्रीच्या कमाईत स्त्रीचा, हे तत्त्व कुरआनच्या सूरह निसामध्ये आले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पत्नी हजरत खदिजा (रजि.) मक्केतल्या नामवंत व्यापारी होत्या. लग्नाआधी प्रेषित त्यांचाच माल घेऊन व्यापाराला गेले होते. म्हणजे बाईचे स्वतंत्र खाते ही आमच्यासाठी नवी कल्पना नाही.

तरीही खरे सांगायचे, तर हे खाते आम्ही सोन्यापुरतेच ठेवले. वारसा हक्काची वेळ आली की काय होते, हे दोन्ही समाजांत सारखेच पाहायला मिळते. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. मुस्लिम मुलीचा वाटा शरियतने चौदाशे वर्षांपूर्वी ठरवला. तो भावाच्या निम्मा आहे आणि त्यावर वाद होतात. पण तो निम्मा तरी किती बहिणींच्या हाती पडतो? ‘भावाशी संबंध बिघडायला नको’ म्हणून माझ्या हिंदू मैत्रिणी हक्कसोड पत्रावर सही करतात आणि आमच्या बहिणी ‘माफ किया’ म्हणून मोकळ्या होतात. माहेरची वाट मोकळी ठेवायची किंमत दोघीही सारखीच मोजतात.

देशाच्या आकड्यांकडे पाहा. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत दर शंभरात ७२ महिला होत्या. ईशान्येकडच्या राज्यांचा त्यात मोठा वाटा आहे. तिकडे माग बाईच चालवते. आपल्याकडे माग पुरुषाचा आणि धागा बाईचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी महिला त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, पुरुष ८८. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. पण जिथे वेतनच नाही तिथे समान काय करणार?

कागदावर नाव आल्याने काय होते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. माझी अम्मी बिड्या वळायची. तेंदूचे पान कैचीने कापायचे, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने, त्यातून छाट निघाली की पैसे कापले जायचे. आंधळगावच्या त्या बाईइतकीच तिचीही कंबर मोडायची. फरक एवढाच की अम्मीकडे बीडी कामगाराचे कार्ड होते, तिच्या स्वतःच्या नावाचे. १९७६ च्याच बीडी कामगार कल्याण निधी कायद्यामुळे त्या कार्डावर दवाखान्यात औषध मिळे आणि मला शिष्यवृत्ती मिळाली. माझ्या पदवीच्या पायाशी ते कार्ड आहे.

आणि तरीही कॉलेजच्या प्रवेश अर्जात मी ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले होते. वर्गातल्या मुलींना कळेल, याची लाज वाटली. अम्मीला उर्दू वाचता येते, मराठी नाही. तिने विचारले, ‘‘मेरा क्या लिखा?’’ मी म्हणाले, ‘‘बीडी कामगार.’’ खोटे बोलले.

म्हणून त्या मुलीचे ‘काही नाही’ मला इतके लागले. मी तिला अर्ज परत दिला आणि म्हटले, ‘‘आई जे करते ते लिही.’’ तिने खोडून लिहिले, ‘कोसा सूत काढणे’. मग हळूच विचारले, ‘‘असं लिहिलेलं चालते का, मॅडम?’’

चालते. चालायलाच हवे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्राने बंधनकारक केले. आता आईच्या कामालाही रकान्यात जागा मिळावी. हातमाग गणनेत विणकरांसोबत सूत काढणे, कांड्या भरणे अशी पूरक कामे करणाऱ्यांचीही नोंद होते. आपल्या घरातल्या बाईचे नाव त्यात आहे का, हे प्रत्येक घराने पाहावे. केंद्रीय रेशीम मंडळाने २०१७ साली ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आणले, ते मांडीवर सूत काढण्याचा त्रास संपवण्यासाठीच. असे यंत्र घरी आले तर ते कोणाच्या नावावर आले, हेही विचारावे. ज्याचे नाव त्यालाच कर्ज, त्यालाच विमा, त्यालाच ओळखपत्र. आणि साडी विकल्यावर सुताची मजुरी आधी बाजूला काढून बाईच्या खात्यात भरावी, मग उरलेले घरखर्चाला घ्यावे. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहायला नको.

परवा इफ्तारनंतर अम्मीजवळ बसले होते. रोजे चालू असताना मनावर जुने खोटे ठेवू नये, म्हणून त्या अर्जाची गोष्ट सांगून टाकली. ती हसली. म्हणाली, ‘‘मालूम था. तेरे अब्बा ने उसी दिन पढ के बताया था.’’ थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘अब तो सही लिख दे.’’

लिहिते. आईचा व्यवसाय : बीडी कामगार.