पडद्यावरचा खडू

१९९८ साली मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आले, ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. शेजारच्या आजी रविवारी मला त्यांच्या टीव्हीसमोर बोलावून घ्यायच्या. हेल्मेट घातलेले आडदांड गडी एकमेकांवर आदळायचे, ढीग व्हायचा, शिटी वाजायची. चेंडू कुठे गेला तेही मला कळत नसे. मग चित्र थांबायचं आणि एक घोगरा आवाज पडद्यावर रेघोट्या ओढायला लागायचा. हा इकडून आला, त्यानं त्याला अडवलं, म्हणून इथं वाट झाली. आणि बूम!

तो आवाज जॉन मॅडन यांचा. अमेरिकन फुटबॉल मी त्यांच्याकडून शिकले.

लहानपणी आमच्या घरी रेडिओवर बाळ पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन लागायचं. जे दिसत नाही ते ते शब्दांनी दाखवत. टीव्हीवर तर सगळं दिसतंच, मग समजावणारा हवा कशाला? कारण कॅमेरा धावतो चेंडूमागे, आणि या खेळातलं निम्मं काम चेंडूपासून लांब चालतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढाच मूळ हिशेब. ती वाट उघडतात पुढच्या फळीतले पाच दांडगे खेळाडू. सुरुवातीला चेंडू मागे देणारा मधला सोडला, तर ते चेंडूला सहसा हातही लावत नाहीत. साताऱ्यात शाळेच्या संघात मी कबड्डी खेळायचे, साखळीत. चढाई करणारीचं नाव गावाला ठाऊक असायचं, साखळी धरणारीचं कुणालाच नाही. मॅडन मात्र त्या पाचजणांविषयी भरभरून बोलत. त्यांचं चिखलानं माखणं, त्यांचा घाम, थंडीत डोक्यातून निघणाऱ्या वाफा, सगळ्यांचं त्यांना कौतुक. मला ते फार जवळचे वाटले.

हे कौतुक कुठून आलं? ते स्वतः त्याच फळीतले. फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना निवडलं होतं, पण सरावातच गुडघा गेला आणि व्यावसायिक सामना एकही खेळता आला नाही. उपचारांच्या दिवसांत ते संघाचा डाव चालवणारा क्वार्टरबॅक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन यांच्या शेजारी बसून सामन्यांच्या फिल्म बघत. शिक्षणशास्त्राची पदवी होतीच. शिकवायचं काय, ते त्या अंधाऱ्या खोलीत सापडलं, असं मला वाटतं.

१९६९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. नियम तीनच: वेळेवर या, लक्ष द्या, आणि सांगेन तेव्हा जीव तोडून खेळा. दहा हंगामांत १०३ विजय, ३२ पराभव, ७ बरोबऱ्या, आणि जानेवारी १९७७ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद. ऑगस्ट १९७८ मध्ये सरावाच्या सामन्यात रेडर्सच्या खेळाडूच्या धडकेनं प्रतिस्पर्धी संघाचा डॅरिल स्टिंगली कायमचा अपंग झाला. मॅडन त्याला भेटायला वारंवार हॉस्पिटलमध्ये जात. तो हंगाम संपल्यावर, अल्सरनं आणि थकव्यानं गांजून, बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी प्रशिक्षकपद सोडलं. त्या ‘बूम’मागे माणसांची शरीरं असतात, हे आज मला विसरता येत नाही. त्यांनाही ते माहीत होतं. पुढे खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी लीगनं नेमलेल्या समितीत त्यांनी काम केलं.

१९७९ पासून तीस वर्षं समालोचन: सीबीएस, फॉक्स, एबीसी, एनबीसी. पडद्यावर रेघा ओढायचं यंत्र त्यांनी शोधलं नव्हतं, पण घराघरात पोचवलं त्यांनीच. विमानात त्यांचा जीव घुसमटे, म्हणून सामन्यांना आधी आगगाडीनं आणि नंतर स्वतःच्या बसनं जायचे. अशाच एका आगगाडीत, १९८४ मध्ये, गेम बनवणारे उद्योजक ट्रिप हॉकिन्स त्यांच्याकडे व्हिडिओ गेमची कल्पना घेऊन आले. तेव्हाच्या कॉम्प्युटरला बावीस खेळाडू झेपत नव्हते. कमी खेळाडूंवर भागवू, असा प्रस्ताव होता. मॅडन यांनी ठाम नकार दिला: अकरा विरुद्ध अकरा नसतील तर तो फुटबॉलच नव्हे. गेम यायला १९८८ उजाडलं. फळीतले पाचजण वगळायला ते तयार होणारच नव्हते!

माझ्या मुलासाठी ‘मॅडन’ हे त्या गेमचंच नाव. २००९ मध्ये ते निवृत्त झाल्याची बातमी लागली तेव्हा आठ वर्षांचा तो म्हणाला, “आई, हा खरा माणूस आहे?”

२८ डिसेंबर २०२१ ला, पंच्याऐंशीव्या वर्षी मॅडन गेले. मुलगा सुट्टीत घरी आला होता. त्यानं १९७७ चा तो सुपर बोल लावला. रेडर्स चेंडू घेऊन पुन्हापुन्हा डावीकडूनच पुढे घुसत होते. मी त्याला चित्र थांबवायला सांगितलं आणि ६३ आणि ७८ नंबरवर बोट ठेवलं. जीन अपशॉ आणि आर्ट शेल. चेंडू दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हता.