फुगूच्या पोटातले विष

कोकणातल्या कोळ्यांच्या जाळ्यात कधीकधी केंड नावाचा मासा येतो. त्याला डिवचले की पोटात पाणी किंवा हवा भरून घेऊन तो चेंडूसारखा टम्म फुगतो. त्याच्याच कुळातला ‘तोराफुगू’ जपानच्या समुद्रात सापडतो. (‘फुगू’ आणि आपले ‘फुगणे’ यांतले साम्य हा निव्वळ योगायोग!) हिवाळ्यात त्याचे कागदासारखे पातळ काप जपानी लोक चवीने खातात. मात्र हॉटेलात तो साफ करण्याचे काम खास शिकून परवाना मिळवलेल्या आचाऱ्याकडेच असते. का बरे?

तोराफुगूचे मांस निर्धोक असते. पण यकृत आणि अंडाशय यांत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. त्याचे एक-दोन मिलिग्रॅम माणसाचा प्राण घेण्यास पुरेत. शिजवल्यानेही ते नाहीसे होत नाही. मज्जातंतूतून संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमचे आयन सूक्ष्म दारांतून पेशीत शिरावे लागतात. हे विष त्या दारांना बुचासारखे बसते. मग ओठ बधिर होतात, हातपाय लुळे पडतात आणि अखेर श्वास थांबतो. यावर उतारा नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवणे, एवढाच उपाय. प्रसिद्ध काबुकी नट बांदो मित्सुगोरो (आठवे) जानेवारी १९७५ मध्ये फुगूचे यकृत खाऊनच दगावले.

मग मासा स्वतः कसा मरत नाही? त्याच्या सोडियमच्या दारांची घडण किंचित निराळी असते. विषाचे बूच तेथे नीट बसत नाही. गंमत म्हणजे हे विष माशाचे नव्हेच! काही सागरी जीवाणू ते तयार करतात. ते लहान प्राण्यांच्या अंगात साठते आणि त्यांना खाणाऱ्या माशात उतरते. म्हणूनच बंदिस्त जागी निर्विष खाद्यावर वाढवलेले फुगू बिनविषारी निघाले. तरीही जपानने यकृत विकण्यावर १९८३ मध्ये घातलेली बंदी उठवलेली नाही. ‘तपासलेले मासे बिनविषारी निघाले’ आणि ‘प्रत्येक मासा बिनविषारी असेल’ या दोन विधानांत केवढे अंतर आहे, पाहा!

तुम्हाला किनाऱ्यावर केंड दिसला तर जरूर निरखा, पण खाण्याच्या फंदात पडू नका. विष बाहेरून दिसत नाही.