तांब्याच्या नाण्याचं पुन्हा ग्रेडिंग करावं का?

तांबं सीलबंद डबीतही बदलत राहतं. ग्रेडिंगची प्लास्टिक डबी हवाबंद नसते. मावळातला पावसाळा तर चार महिन्यांचा, त्यामुळे तळेगाव दाभाड्यातल्या कपाटातही दमट हवा तांब्यापर्यंत पोचते आणि लाल झळाळी हळूहळू तपकिरी होते.

ग्रेडिंगमध्ये 1 ते 70 गुणांसोबत तांब्याचा रंगही नोंदवतात: आरडी म्हणजे लाल, आरबी लाल-तपकिरी, बीएन तपकिरी. मूळ लाली साधारण 95 टक्के टिकली असेल तरच आरडी. म्हणून जुन्या डबीवरचा आरडी हा त्या दिवसाचा निर्वाळा असतो, आजचा नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1835 च्या पाव आण्यासारख्या नाण्याची किंमत या लालीवर फार अवलंबून असते. लाली उतरली असेल, तर पुन्हा ग्रेडिंगमध्ये दर्जा घटण्याचीच शक्यता जास्त. हिरवट डाग दिसू लागले, तर मात्र तज्ज्ञाला दाखवण्यात दिरंगाई नको.

शिवराईचं गणित निराळं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेलं हे नाणं बहुधा तपकिरीच मिळतं. त्याचं मोल अक्षरांच्या ठसठशीतपणात आहे, आणि ती डबीत झिजत नाहीत. तिथे पुन्हा ग्रेडिंगचा खर्च सहसा वाया जातो.

शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. खासगी संग्राहकाला ते ग्रेडिंगसाठीही परदेशी पाठवता येत नाही. आणि कृपया, चिंच किंवा पितांबरीने नाणं घासू नका. घासलेलं तांबं कोणत्याही ग्रेडिंगने पूर्ववत होत नाही.