जोसेफसन परिणाम, स्तरित लोहयुक्त अतिसंवाहकांतील
दोन अतिसंवाहकांमध्ये (विशिष्ट तापमानाखाली ज्यांचा विद्युत् रोध नाहीसा होतो अशा पदार्थांमध्ये) निरोधकाचा अत्यंत पातळ थर असल्यास त्यातून विद्युत् दाब नसतानाही काही मर्यादेपर्यंत प्रवाह वाहतो. यास एकदिश जोसेफसन परिणाम म्हणतात. अशा संधीस स्थिर दाब लावल्यास तीत उच्च कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचा) प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. १ मायक्रोव्होल्ट दाबास ही कंप्रता सु. ४८३·६ मेगॅहर्ट्‌झ असते. ब्रायन डेव्हिड जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केंब्रिज येथे हे परिणाम सैद्धांतिक रीत्या वर्तविले. त्याबद्दल त्यांना १९७३ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या (कूपर जोड्या) बनतात व त्या सर्वांचे वर्णन एकाच तरंग फलनाने करता येते. या तरंगाच्या कलेचे थेट मापन होत नाही. परंतु संधीतील प्रवाह दोन्ही बाजूंच्या कलांमधील फरकावर अवलंबून असल्याने तरंग फलनाचे चिन्ह धन की ऋण याचा तुलनेने निर्णय करता येतो. लोहयुक्त अतिसंवाहकांच्या बाबतीत या साधनाला विशेष महत्त्व आहे.

लोहाचे चुंबकत्व अतिसंवाहकतेस मारक मानले जात असे. तथापि हिदेओ होसोनो व त्यांचे टोकिओ येथील सहकारी यांना २००८ मध्ये फ्ल्युओरीन मिसळलेल्या लँथॅनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइडात २६ के. तापमानाला अतिसंवाहकता आढळली. लँथॅनमाऐवजी सॅमेरियम वापरल्यावर त्याच वर्षी ही मर्यादा सु. ५५ के. पर्यंत गेली. या संयुगांत लोह व आर्सेनिक यांचे स्तर आणि त्यांना विलग करणारे इतर अणूंचे स्तर एकाआड एक रचलेले असतात.

अशी रचना असल्यामुळे स्फटिक स्वतःच जोसेफसन संधींची चळत ठरू शकतो. बिस्मथयुक्त ताम्र ऑक्साइडात असा अंगभूत परिणाम १९९२ मध्ये दाखविण्यात आला होता. लोहयुक्त संयुगांत मात्र तो विलग करणाऱ्या स्तराच्या जाडीवर अवलंबून असतो. बेरियमयुक्त संयुगात लोहस्तरांमधील अंतर सु. ६·५ अँगस्ट्रॉम असून त्यांच्यातील बंध दृढ असतो. त्यामुळे स्तर अलग संधींसारखे वागत नाहीत. सॅमेरियमयुक्त संयुगात हे अंतर सु. ८·५ अँगस्ट्रॉम असते. स्तरांना समांतर चुंबकीय क्षेत्रात त्याचे तापमान पुरेसे कमी केले असता प्रवाहाचे भोवरे स्तरांमधील फटींत सामावतात व एकदम चलनशील होतात, असे २०१३ मध्ये दिसून आले. स्ट्राँशियम-व्हॅनेडियम ऑक्साइडाचे जाड स्तर असलेल्या संयुगात (अंतर सु. १५·७ अँगस्ट्रॉम) अंगभूत संधी २०१४ मध्ये आढळल्या.

दुसरा प्रश्न चिन्हाचा आहे. ताम्र ऑक्साइडांत तरंग फलनाचे चिन्ह दिशेनुसार बदलते. लोहयुक्त संयुगांत ते सर्व दिशांना तेच राहून इलेक्ट्रॉनांच्या निरनिराळ्या ऊर्जापट्टांत परस्परविरुद्ध असावे, असा सिद्धांत २००८ मध्ये मांडला गेला. दिशेवर आधारलेले प्रयोग येथे उपयोगी पडत नाहीत. म्हणून २०१० मध्ये निऑबियम व निओडिमियमयुक्त बहुस्फटिकी संयुग यांचे मिळून एक कडे तयार करण्यात आले. वाटेत चिन्ह उलटत असल्यास कलेत १८०° फरक पडतो व कड्यातील चुंबकीय स्रोत पुंजाच्या अर्ध्या पटीने बदलू शकतो. असे बदल प्रत्यक्ष आढळले व सिद्धांतास पुष्टी मिळाली. मात्र तो सर्व लोहयुक्त अतिसंवाहकांना सारखाच लागू पडतो असे म्हणता येत नाही.

व्यवहारातही या संधींना महत्त्व आहे. तारेतील शेजारच्या स्फटिककणांच्या दिशांत फार फरक असल्यास त्यांची सीमा दुर्बल संधीप्रमाणे वागते व प्रवाह घटतो. ताम्र ऑक्साइडांत ही घट ३° ते ५° कोनापासून, तर कोबाल्ट मिसळलेल्या बेरियम-लोह-आर्सेनिक संयुगात सु. ९° पासून सुरू होते. त्यामुळे प्रबल विद्युत् चुंबकांच्या तारांसाठी हे पदार्थ आशादायक मानले जातात.